नऊ दिवस कसे लागले?

अ एक काम 12 दिवसांत करतो, ब तेच काम 6 दिवसांत. दोघे मिळून किती दिवसांत करतील? काळ-काम-वेगाचा धडा सुरू झाला की वर्गातून हमखास उत्तर येते: नऊ. एखाद्या वहीत अठराही सापडतात. शिष्यवृत्तीच्या घाईत मग फळ्यावर सूत्र लिहिले जाते, गुणाकार भागिले बेरीज, आणि मुलांचे उत्तर 4 येऊ लागते. मनातली चूक मात्र जागच्या जागी राहते.

ती बाहेर काढायला एक प्रश्न पुरतो. ब एकटाच 6 दिवसांत उरकतो. मग अ मदतीला आल्यावर 9 दिवस कसे लागले? मूल थबकते आणि स्वतःच खोडरबर शोधू लागते.

त्याच वेळी कामाला आकार द्यावा. समजा, 12 मीटर लांबीची भिंत बांधायची आहे. अ रोज 1 मीटर बांधतो, ब 2 मीटर. दोघांची मिळून रोज 3 मीटर, म्हणून 4 दिवस. बेरीज रोजच्या कामाची होते, दिवसांची होत नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. (12 हा दोन्ही संख्यांचा लसावि, म्हणूनच निवडलेला.) हे पक्के झाले की मग पूर्ण काम 1 मानून 1/12 आणि 1/6 लिहावेत. आणि ब दोन दिवसांनी काम सोडून गेला तर? ते सूत्र इथे अडते. भिंतीचा हिशेब चालूच राहतो: 6 मीटर झाली, 6 उरली, अ ला आणखी 6 दिवस.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे 1150 च्या सुमारास, असेच गणित आहे. चार झरे एकच हौद वेगवेगळे सोडले तर 1, 1/2, 1/3 आणि 1/6 दिवसात भरतात. एकदम सोडले तर? दिवसाला 1, 2, 3 आणि 6 हौद, एकूण 12. म्हणजे एक हौद 1/12 दिवसात, अहोरात्राच्या 60 घटिका धरल्या तर 5 घटिकांत. अपूर्णांकांना बिचकणारी मुलेही ‘दिवसाला किती हौद’ हे चटकन सांगतात.

कुणीतरी विचारतेच, “सर, दोघे गप्पा मारत बसले तर?” त्याला गप्प करू नये. वेग कायम राहतो आणि एकाची दुसऱ्याला अडचण होत नाही, हे गृहीतक त्याने नेमके पकडलेले असते. त्याच्या जोडीला आणखी एक विचारावे: एकीला आरती म्हणायला 4 मिनिटे लागतात, दोघींनी मिळून म्हटली तर किती? सूत्र शिकवण्याच्या आदल्या दिवशीच हे विचारावे आणि ‘दोन’साठी किती हात वर येतात ते मोजावे.