रंगाला भुललेले स्वयंपाकघर

कराडच्या पेठेत गुळाच्या ढेपेपुढे उभे राहिलेले गिऱ्हाईक आधी काय करते? चव घेण्याच्या आधी ते रंग पाहते. ढेप पिवळीधमक असली की 'एक नंबर', तांबूस-काळपट असली की नाक मुरडायचे. हळदीचेही तेच. जितकी झगझगीत, तितकी चांगली! कृष्णाकाठचा हा मुलूख गुळाचा आणि हळदीचा. कराडला गुळाचे सौदे होतात, सांगलीला हळदीचे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. घरातल्या विषांचा विचार करायचा तर या भागातल्या माणसाने तो आपल्या मिसळणाच्या डब्यापासूनच सुरू करावा, हे बरे.

प्रथम गूळ घेऊ. उसाचा रस काहिलीत उकळू लागला की वर मळी येते. ती काढण्यासाठी जुने गुळवे भेंडीच्या खोडाचा चिकट रस वापरीत. गुळाचा रंग उसाच्या जातीवर, जमिनीवर आणि पाण्यावर ठरतो. पाण्याच्या अतिवापराने खारवट झालेल्या जमिनीतल्या उसाचा गूळ काळसर उतरतो. मग सौद्यात भाव पडू नये म्हणून काही ठिकाणी काहिलीत एक पांढरी पूड पडते. गुऱ्हाळावर तिला 'हायड्रोस' म्हणतात; तिचे रासायनिक नाव सोडियम हायड्रोसल्फाइट. कापड-उद्योगात रंग उतरविण्यासाठी जे रसायन वापरतात, तेच हे. त्यापायी गुळात गंधकाचे अंश राहतात आणि दम्याच्या रोग्याला त्यांचा त्रास होऊ शकतो. गंमत अशी की हा पिवळेपणा टिकतही नाही. साठवणीत ढेप पुन्हा काळवंडते. सगळ्याच गुऱ्हाळांवर असे होते, असे मुळीच नाही. पण जिथे होते, तिथे एकट्या शेतकऱ्याला दोष देऊन काय साधणार? काळ्या गुळाला आपण भाव देत नाही, म्हणून तो गूळ पिवळा करतो.

हळदीची गोष्ट याहून गंभीर आहे आणि ती बांगलादेशातून आली आहे. १९८० च्या दशकातल्या पुरात तिथली हळद भिजली आणि तिचा रंग उतरला. तेव्हा हळकुंडे पॉलिश करताना त्यांवर एक स्वस्त पिवळे रंगद्रव्य चढविण्याची युक्ती निघाली. हे रंगद्रव्य म्हणजे लेड क्रोमेट, अर्थात शिशाचे संयुग. पूर ओसरला, पण सवय राहिली. पुराने हळदीचे काय होते, हे सांगलीकरांना सांगायला नको. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या हळदीच्या पेवांत पाणी शिरले होते. याचा अर्थ सांगलीच्या हळदीवर संशय घ्यावा, असा नाही. पण आपल्या देशात हा प्रश्नच नाही, असेही म्हणता येत नाही. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका येथील २३ शहरांतून घेतलेल्या हळदीच्या सुमारे साडेतीनशे नमुन्यांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिशाचे प्रमाण ग्रॅममागे २ मायक्रोग्रॅमहून अधिक होते. पाटण्यातल्या काही नमुन्यांत तर ते १,००० च्याही वर गेले. पॉलिश केलेल्या हळकुंडांत आणि सुट्या पुडीत धोका अधिक दिसला, बंद पाकिटात कमी.

शिशाची एवढी धास्ती का घ्यायची? कारण शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत साठवून ठेवते. मोठ्या माणसाच्या मानाने लहान मूल पोटात गेलेले शिसे चार-पाच पटीने अधिक शोषून घेते आणि त्याचा घाव वाढत्या मेंदूवर पडतो. अमुक इतके शिसे निर्धोक, अशी मर्यादाच जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. २०२० साली युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे. भारतातल्या अशा मुलांचा अंदाज २७ कोटींच्या वर जातो. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले. घरगुती रंगातल्या शिशाला २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा आली. मात्र बॅटऱ्या उघड्यावर फोडण्याचे धंदे आणि भिंतींवरचे रंगाचे जुने पोपडे अजून आहेतच. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आपण 'लक्ष देत नाही' म्हणून रागावतो. त्यामागे शिसेही असू शकेल, ही शंका रक्त तपासल्याशिवाय फिटत नाही, आणि ते तपासायचे आपल्या मनातही येत नाही.

यावर 'जुने ते सोने' हा मंत्र म्हणून भागणार नाही. मसूर, उंब्रज, शहापूर, चाफळ हे समर्थस्थापित मारुती कराडच्या आसपासच आहेत आणि मारुतीला शेंदूर हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. पण पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइडच! देवाला वाहायचा तो खुशाल वाहावा. तान्ह्या मुलाच्या कपाळाला तो लावू नये आणि शेंदराचा हात धुतल्याशिवाय प्रसाद खाऊ नये. बाजारी सुरम्याचीही तीच कथा. कल्हईतही शुद्ध कथलाऐवजी शिसे मिसळण्याची लबाडी होऊ शकते. उलट कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की कळकते, हे आपल्या आज्यांनी रसायनशास्त्र न शिकता ओळखले होते. तेव्हा जुने की नवे, हा वाद सोडून पदार्थ कशाचा बनला आहे, हेच विचारलेले बरे.

शेतातली विषेही आपण घरात आणून ठेवली आहेत. उसातल्या हुमणीसाठी आणलेले फोरेट, ढेकणांसाठी नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस! ही दोन्ही औषधे देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. पण माळ्यावरच्या जुन्या पुड्या आणि बाटल्या कायद्याने आपोआप नाहीशा होत नाहीत. औषधाच्या रिकाम्या डब्यात रॉकेल किंवा बी-बियाणे भरून ठेवण्याची काटकसर तर फारच महाग पडते. डबा भोके पाडून निकामी करावा.

मग घरात बदलायचे तरी काय? फार थोडे. गूळ घेताना तांबूस-काळपट ढेप मागावी. वर्षाची हळद पॉलिश न केलेल्या हळकुंडांच्या रूपात घेऊन डंकावरून दळून आणावी. हळकुंड पाण्यात टाकताच गर्द पिवळा रंग सुटू लागला, तर ते दुकानदाराला परत करावे. धान्यात गोळ्या ठेवण्याऐवजी कडक उन्हे द्यावीत, कडुलिंबाचा पाला घालावा, डाळींना एरंडेलाचा हात लावावा. गोळ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूने बंद खोलीत झोपलेली माणसे दगावलेली आहेत. डासांसाठी उदबत्तीऐवजी मच्छरदाणी लावावी. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असतात, असे २००३ सालच्या एका अभ्यासात दिसून आले. मुलांच्या ताटात नाचणी, पालेभाज्या, दूध असावे, कारण लोह आणि कॅल्शियम कमी पडले की शरीर शिसे अधिक ओढून घेते. यातल्या बहुतेक गोष्टींना जादा पैसा लागत नाही.

मात्र सारा भार घर चालविणाऱ्या बाईवर टाकून सरकारने हात झटकणे बरोबर नाही. शिसे डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळत नाही. ते प्रयोगशाळेतच दिसते. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने वृत्तपत्रांतून इशारे दिले, बाजारात नोटिसा लावल्या, जागच्या जागी तपासणी करून घाऊक व्यापाऱ्यांना दंड केला. २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. दोन वर्षांत! आपल्या अन्न व औषध प्रशासनालाही हे अशक्य नाही. सौद्याच्या आवारातच गूळ-हळद तपासण्याची सोय हवी आणि निकाल फलकावर लागायला हवा. तोवर निदान एवढे तरी करू या: पुढच्या बाजारात दुकानदार 'एक नंबर पिवळा' गूळ पुढे सरकवील, तेव्हा त्याच्यामागची काळपट ढेप मागू या. दहा गिऱ्हाइकांनी ती मागितली तर दुकानदार अडत्याकडे मागेल, आणि अडत्या गुऱ्हाळवाल्याकडे.