हंपाच्या कडेची फट

रस्ता खराब होता तेव्हा आमच्या भागात कोणी गाडी जोरात हाणत नसे. त्यात चालकांच्या सभ्यतेचा काही संबंध नव्हता. बेळगाव-पणजी महामार्ग, पूर्वीचा 4 अ आणि आताचा 748, खानापूरच्या पुढे रामनगर, अनमोडपर्यंत वर्षानुवर्षं असा होता की गोव्याला जाणारी माणसं वाकडी वाट करून चोर्ल्याच्या घाटातून जायची. रुंदीकरण, झाडांची तोड, वनखात्याची परवानगी, कोर्ट असं सगळं त्या रस्त्याच्या नशिबी आलं. आम्ही निवेदनं दिली, रास्ता रोको केले, खड्ड्यात झाडं लावून फोटो काढले. मग तुकड्यातुकड्याने डांबर पडलं. जिथे पडलं तिथे पहिल्याच आठवड्यात लोकांच्या लक्षात आलं की आता रस्ता ओलांडायला थांबावं लागतंय. खड्डा हा आमचा बिनपगारी वाहतूक पोलीस होता आणि त्याला आम्हीच निवेदनं देऊन घालवला.

खड्डे परत आणा असं मी म्हणत नाही. रामनगर ते जोयडा एसटीच्या मागच्या सीटवर बसून ज्याने प्रवास केलाय तो असं म्हणणारच नाही. पण गुळगुळीत डांबराबरोबर वेग फुकटात येतो आणि त्या वेगाची व्यवस्था कोणाच्याच अंदाजपत्रकात नसते, हे आपण फार उशिरा बघतो.

कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यात तर रस्ता आणि गाव वेगळे काढताच येत नाहीत. सदाशिवगडहून निघालेला रस्ता अणशीचा घाट चढून कुंभारवाडा, जोयडा, गणेशगुडी, जगलबेट करत रामनगर आणि लोंढ्याकडे जातो. वाटेत प्रत्येक गावाचा बाजार, शाळा, दवाखाना, चहाची टपरी त्याच रस्त्याला चिकटून. बाहेरच्या माणसाला तो कारवारला किंवा गोव्याला जायचा रस्ता, आम्हाला तो दारातला रस्ता. शनिवार-रविवार काळी नदीवर राफ्टिंगला येणाऱ्या गाड्यांची रांग लागते. नंबरप्लेटी बघायच्या, केए-22, केए-25, जीए. जंगलातून वळणं घेत घेत कंटाळलेला चालक गावाजवळ आला की रस्ता जरा सरळ होतो, रुंद होतो, आणि त्याचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर पडतो. म्हणजे रानात हळू आणि वस्तीत जोरात. त्या पोरांना मी फारसा दोष देत नाही. रस्ताच त्यांना सांगत असतो की आता मोकळं आहे, हाणा. शेजारी कुठे 30 किलोमीटरचा बोर्ड वेलींत गुरफटलेला असतो, पण बोर्ड आणि रस्ता वेगवेगळं सांगायला लागले की माणूस रस्त्याचंच ऐकतो.

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या वस्तीजवळ एका मोटारसायकलने शाळेतून येणाऱ्या पोराला उडवलं. हातावर निभावलं, प्लास्टर घालून पोरगं महिन्याभराने खेळायला लागलं. पण त्याच संध्याकाळी गल्लीतल्या तरुणांनी रस्त्यावर दगड आणि तोडलेल्या फांद्या आणून टाकल्या. दोन दिवस ते तसंच. मग कोणाकोणाला फोन झाले, आणि पुढे कुठल्याशा कामावरून उरलेल्या डांबराचा ढीग घेऊन एक टेम्पो आला. अर्ध्या तासात हंप तयार. मोजमाप नाही, पट्टा नाही, आधी सूचना देणारा बोर्ड नाही. फावड्याने ओढलं, पाट्या आपटून दाबलं आणि माणसं चहा पिऊन गेली.

शेजारच्या टेलरकाकांकडून टेप मागून आणली आणि हंप मोजला. रुंदी जेमतेम दीड फूट, मधली उंची साडेपाच इंच. काका म्हणाले, "हे काय ओ, उंबरठाच घातला की रस्त्याला!" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. इंडियन रोड्स काँग्रेसची गतिरोधकांबद्दलची 1988 सालची मार्गदर्शिका आहे, तिच्यातला गोल माथ्याचा हंप 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे रुंदीला सुमारे बारा फूट आणि उंचीला चार इंच. ताशी 25 किलोमीटरने गेलं तर पोटातलं पाणी हलत नाही, चाळीसने गेलं तर डोकं टपाला लागतं. सगळी करामत त्या लांबट, बसक्या उतारात आहे. हा आकार इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकाने 1973 च्या सुमारास ठरवला. त्याच्याही आधी, 1953 मध्ये, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या आर्थर कॉम्प्टन यांनी आपल्या विद्यापीठाच्या आवारात गाड्या सुसाट जातात म्हणून स्वतः हंपाचा आराखडा केला होता. क्ष-किरणांचा हिशेब लावणाऱ्या माणसाला जिथे विचार करावासा वाटला, तिथे आमच्याकडे फावडं पुरतं.

आखूड आणि उंच हंपाने दोन उलट गोष्टी होतात. हळू जाणाऱ्याला जोरात दणका बसतो. रिक्षातली बाळंतीण, अँब्युलन्समधला पेशंट, मोपेडवर मागे बसलेली आजी, हे सगळे हळूच जाणारे. आणि भारी गाडी जोरात गेली की तिची चाकं तो उंबरठा एका झटक्यात पार करतात, स्प्रिंगा दणका गिळून टाकतात. म्हणजे ज्याला धाक बसायचा त्याला बसत नाही. शिवाय रात्री पट्टा नसलेला हंप दिसत नाही. अनोळखी दुचाकीवाला तिथे पडतो, आणि मग एक दिवस तोच हंप काढायला निवेदन जातं.

पण मला खरं सांगायचंय ते हंपाच्या कडेबद्दल. आमच्या भागातला पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. कॅसलरॉकचा आणि आमचा ढग एकच. हंप रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घातला तर पाणी तुंबतं, म्हणून दोन्ही कडांना हातभर फट सोडतात. पाण्यासाठी सोडलेल्या त्या फटीतून पाण्याबरोबर दुचाक्याही जातात. मी बस येईपर्यंत उभा राहून बघत होतो, हंपावरून गेलेली मोटारसायकल क्वचित एखादी. बाकी सगळ्या शेवटच्या क्षणी हँडल वळवून कडेच्या फटीत. आणि कडेला कोण चालत असतं? डोक्यावर दप्तर धरलेली पोरं, दूध घालून परतणारी बाई, बाजाराची पिशवी घेतलेला म्हातारा. त्यांच्या पलीकडे उघडं गटार. पावसाळ्यात ते काठोकाठ भरलं की कुठे रस्ता संपतो आणि कुठे गटार सुरू होतं ते कळत नाही, म्हणून माणसं आणखी आत, डांबरावर सरकतात. म्हणजे पोराला वाचवायला घातलेल्या हंपाने मोटारसायकली नेमक्या पोराच्या अंगावर वळवल्या.

हे बघितल्यावर हंप कुठे आणि किती हा प्रश्न मला दुय्यम वाटायला लागला. माणसाने चालायचं कुठून, हा पहिला. आमच्या कुठल्याही गावात रस्त्याचा आराखडा करताना डांबराची रुंदी ठरते, गटाराची ठरते, विजेच्या खांबाची जागा ठरते. चालणाऱ्याची रुंदी राहिली तर राहिली. देशात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांत 32,825 पायी चालणारी. दर पाचांतलं जवळजवळ एक. ही सरकारचीच आकडेवारी आहे.

वेगाचं गणित तर शाळेतल्या पोराला सांगता येईल असं आहे. ताशी 60 ने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर पुढे जाते. समोर पोरगं आलेलं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर ब्रेक लागायच्या आतच ती साडेसोळा मीटर गेलेली असते. 30 ने असेल तर त्याच्या निम्मं. आणि ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर वेग दुप्पट झाला की दुप्पट होत नाही, चौपट होतं. ओल्या रस्त्यावर आणखी. म्हणून 2020 च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला जमलेल्या देशांनी ठराव केला की जिथे माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे 30 च्या वर वेग नको. आमच्याकडे तो ठराव त्या वेलीतल्या बोर्डावर आधीपासूनच लिहिलेला आहे म्हणा.

मग हंप महामार्गावर का घालत नाहीत? केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2016 मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढून टाकायला सांगितलं. ऐंशीने येणाऱ्या ट्रकसमोर अचानक हंप म्हणजे अपघाताला आमंत्रण, हे त्यांचं म्हणणं चूक नाही. वर सांगितलेली 1988 ची मार्गदर्शिकासुद्धा मुळात छोट्या रस्त्यांसाठीच होती. पण त्याचा परिणाम असा की जिथे गाड्या ऐंशीने येतात तिथे काही नाही आणि जिथे आधीच चाळीसने चालतात तिथे दर दोनशे पावलांवर एक उंबरठा. आमचं रामनगरच घ्या, सुपा धरणात गेलेल्या माणसांसाठी वसवलेलं गाव. ज्यांची घरं, देवळं, बाजारपेठ काळी नदीच्या पाण्याखाली गेली त्या लोकांना नवी जागा मिळाली, आणि शेजारून महामार्ग. गणेशगुडीचं ते 101 मीटर उंचीचं धरण बांधताना पाण्याचा प्रत्येक थेंब मोजला. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा हिशेब तेवढा राहून गेला.

वाघाचं मात्र बरं आहे. हे कुत्सितपणे म्हणत नाही. दांडेली आणि अणशीचं जंगल 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, 2015 पासून त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प. आमच्याच राज्यात बंदीपूरच्या जंगलातून केरळकडे जाणारा महामार्ग 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, कारण गाड्यांखाली जनावरं मरत होती. केरळने आरडाओरडा केला, कोर्टात गेले, पण बंदी टिकली. म्हणजे ठरवलं तर या देशात आंतरराज्य महामार्गसुद्धा थांबवता येतो. हरणासाठी थांबतो, हे चांगलंच आहे. त्याच हिशेबाने शाळा सुटायच्या वेळी अर्धा तास गाड्या हळू करणं फार मोठी मागणी नसावी.

आणि गाड्या हळू होतातच, हे आम्ही दरवर्षी बघतो. माघात उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या जत्रेला घाटावरून बैलगाड्या येतात. बैलांच्या गळ्यात घुंगरं, गाडीवर ताडपत्री, मागे चालणारी बायकापोरं. त्या दिवसांत मोठमोठ्या गाड्या बैलांच्या मागे निमूट चालतात. हॉर्न वाजतो, पण कोणी अंगावर गाडी घालत नाही. चालकाला समोर दिसतं की रस्ता भरलेला आहे, तो आपल्या एकट्याचा नाही.

हे जत्रेशिवायही घडवता येतं. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर 3,300 माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली. त्याच सुमाराला डेल्फ्ट गावातल्या वस्त्यांमध्ये रस्त्याची सरळ रेषाच मोडून टाकली, मध्येच झाड, मध्येच बाक, वळण, अरुंद तोंड. पुढे 1976 मध्ये कायद्यानेच अशा वस्तीतल्या रस्त्यावर चालणाऱ्याला पहिला मान दिला. आपल्याकडेही पुण्यात लक्ष्मी रोडवर 11 डिसेंबरला पादचारी दिन होतो, 2021 पासून. एक दिवस गाड्या बंद, माणसं चालतात, वर्तमानपत्रात फोटो येतात. बाकीचे 364 दिवस लक्ष्मी रोडवर जाऊन बघावं.

आम्हाला डेल्फ्ट नको. गावाच्या वेशीवर, म्हणजे पहिल्या घराच्या पन्नास मीटर आधी, डांबर दोन्ही बाजूंनी थोडं आत घेतलं आणि कडेला दगडी ओटे किंवा झाडं घेतली तरी चालकाला कळेल की रान संपलं, गाव आलं. महामार्गावर हंप चालत नसेल तर निदान थरथराटाच्या आडव्या पट्ट्या मारता येतात. शाळेसमोर मात्र चालणाऱ्यांसाठीचा पट्टाच उचलून घ्यावा, रुंद, सपाट माथ्याचा, या गटारापासून त्या गटारापर्यंत अखंड. पाण्याची सोय खालून पाइप टाकून करावी, कडेला फट सोडून नव्हे. आणि सगळ्यात आधी उघड्या गटारावर फरशा. चार फूट रुंद फरशी पडली की दप्तरवाल्या पोराला डांबरावर पाय ठेवायचं कारणच उरत नाही. यासाठी परदेशातून कोणी तज्ज्ञ आणायला नको, खानापूरचा कुठलाही गवंडी करेल.

खात्यात विचारलं तर उत्तर ठरलेलं. रस्ता आमच्याकडे, गटार पंचायतीकडे, विजेचा खांब हेस्कॉमकडे, बोर्ड पोलिसांकडे, कडेचं झाड वनखात्याकडे. चालणारा माणूस कोणाकडे ते फाइलीत सापडत नाही. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन, रस्त्याची रचना किंवा देखभाल नियमाप्रमाणे न केल्याने अपघातात माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड करता येईल असं कलम आलं, 198-अ. आमच्या भागात ते कोणी वापरल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

पुढच्या ग्रामसभेला अर्ज द्यायचा आहे. अर्ज कन्नडमधून द्यायचा म्हणून शाळेतल्या एका मास्तरांना लिहायला सांगितलंय. ते कागद घेऊन बसले आणि म्हणाले, "पहिली मागणी हंप दुरुस्तीची लिहू ना?" मी म्हटलं, "नको मास्तर, पहिल्या नंबरला गटारावरच्या फरशा लिहा. हंप तिसऱ्या नंबरला घ्या, आणि मापासकट लिहा, तीन पूर्णांक सात मीटर." मास्तरांनी विचारलं, "आणि दुसऱ्याला?" दुसऱ्याला पावसाआधी, असं लिहायला सांगितलं.