दगड उरले, उपासक गेले

तुर्कस्तानच्या वारसाजतनाचे गोडवे गाणाऱ्यांनी कप्पादोकियात गोरेमेची दरी जरूर पाहावी. संत बेसिलच्या या प्रदेशात डोंगर कोरून घडविलेली चर्च आता तिकीट काढून पाहावयाची! भिंतींवर संत आहेत. कित्येकांचे डोळे खरवडलेले. उपासक मात्र नाहीत. १९२३ मध्ये लोझान येथे ग्रीस व तुर्कस्तान यांनी केवळ धर्म पाहून माणसांची सक्तीने अदलाबदल ठरविली. मातृभाषा तुर्की असलेले ख्रिस्तीही घराबाहेर काढले गेले. (ग्रीसमधील बहुतेक मुसलमानांचेही तेच झाले.) इझनिक येथील हागिया सोफियात ७८७ मध्ये धर्मपरिषद भरली होती; २०११ मध्ये त्या संग्रहालयाची पुन्हा मशीद झाली. यास जतन म्हणावयाचे की पंचनामा?