मुक्या पडद्याची वाणी

चित्रपट म्हणजे निव्वळ करमणूक, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचे कार्य पाहिले, म्हणजे हे मत किती अपुरे आहे ते कळून येते. बाबूराव मूळचे चित्रकार. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या या कलावंताने सहकाऱ्यांच्या साहाय्याने १९१८ साली स्वतःचा कॅमेरा घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला.

परंतु कॅमेरा घडविण्याहूनही मोठे काम त्यांनी पुढे केले. त्या काळी पडद्यावर देवादिकांच्या कथांचा बोलबाला होता. अशा वेळी, १९२५ साली, ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी कर्जापायी जमिनीला मुकलेला शेतकरी उभा केला. चमत्काराने प्रेक्षकांचे डोळे दिपविणे सोपे. शेजाऱ्याच्या दुःखाने त्यांचे मन हेलावणे कठीण, आणि तेही एका शब्दावाचून! त्या चित्रपटात तरुण शेतकरी झालेले व्ही. शांताराम पुढे स्वतः सामाजिक चित्रपटांचे थोर दिग्दर्शक झाले.

मूकपटांच्या बहुतेक फिती आज नष्ट झाल्या आहेत. बाबूरावांनी दाखविलेली वाट मात्र बुजलेली नाही. जी कला दुबळ्यांची व्यथा बोलून दाखविते, तिला मुकी कोण म्हणेल?