औषधाची चिठ्ठी कोणी लिहावी? शिरवळच्या गोठ्यांपासून गडचिरोलीच्या झोपड्यांपर्यंत

१/ इतिहासप्रेमींना शिरवळ ठाऊक असते ते सुभानमंगळमुळे. १६४८ मध्ये फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी तेथे झालेल्या लढाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच शिरवळात १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हाती औषध द्यावे की नाही, हा महाराष्ट्रातला दीडशे वर्षांचा वाद समजून घेण्यास हे महाविद्यालय उत्तम आरंभस्थान आहे. (धागा)

२/ या महाविद्यालयात साडेपाच वर्षे शिकून पशुवैद्य तयार होतो. परंतु खेड्यातल्या आजारी गाईपाशी पहिल्यांदा पोहोचणारा माणूस अनेकदा तो नसतो. तो असतो पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक. श्रेणी-१ च्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी आणि श्रेणी-२ च्या दवाखान्यात पर्यवेक्षक, ही महाराष्ट्रातली जुनी विभागणी. गावकरी मात्र दोघांनाही ‘डॉक्टर’च म्हणतात.

३/ कायदा तसे म्हणत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज कोणासही पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येत नाही. अपवाद एकच. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकास राज्य शासन आदेशाने ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देण्याची मुभा देऊ शकते, तीही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली व निर्देशानुसार. किरकोळ सेवा म्हणजे काय, हेही कायद्यातच सांगितले आहे: लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारखे प्राथमिक साहाय्य आणि राज्य शासन राजपत्रात जाहीर करील त्या आजारांवरील उपचार.

४/ हे कलम शांतपणे वाचावे. कोणते काम, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणाच्या परवानगीने, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. माणसांच्या वैद्यकासाठी एवढी नेटकी रेषा आपल्याकडे फार उशिरा आखली गेली. जनावरांच्या बाबतीत कायदेमंडळ अधिक स्पष्ट बोलले, ही गंमत खरी.

५/ दोष आहे तो अंमलात. ‘देखरेख’ हा शब्द कागदावर राहतो आणि रात्री अकरा वाजता दगडी झालेल्या म्हशीसमोर पर्यवेक्षक एकटाच उभा असतो. कासेला सूज, दुधात गुठळ्या, मालक हवालदिल. प्रतिजैविक द्यायचे की नाही, कोणते, किती दिवस, आणि त्या काळातले दूध संकलन केंद्रावर घालायचे की ओतून द्यायचे, हे सारे निर्णय त्या क्षणी त्याचे असतात. यातला कोणताही निर्णय किरकोळ म्हणता येणार नाही.

६/ औषधाची शिस्त सुटली की काय घडते, याचे उदाहरण आकाशात पाहावे लागते. डायक्लोफिनॅक हे जनावरांना सर्रास दिले जाणारे वेदनाशामक. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. भारतातल्या गिधाडांच्या काही जाती त्यामुळे जवळजवळ नाहीशा झाल्या. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. अखेर २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरती मर्यादित करावी लागली. यात पशुवैद्य, पर्यवेक्षक, औषधविक्रेता, पशुपालक असे सारेच सामील होते. पदवीने आपोआप शिस्त येत नाही, हेही येथे नोंदवावे.

७/ आता माणसांकडे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. तेथील इंग्रजीतून शिकलेले मूठभर पदवीधर मुफसलात पुरणार नव्हते. म्हणून १८६१ मध्ये त्याच महाविद्यालयात देशी भाषांचा वर्ग निघाला आणि मराठी-गुजरातीतून वैद्यक शिकवून रुग्णालय-साहाय्यक तयार होऊ लागले. या वर्गाच्या अध्यापकांत डॉ. सखाराम अर्जुन होते. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून वाचक त्यांना ओळखतात. मराठीतून वैद्यक शिकवणारे शिक्षक म्हणून ते फारसे कोणाला आठवत नाहीत.

८/ पुढे १८७८ मध्ये पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल आले. या शाळांतून निघालेले साहाय्यक आणि नंतरचे परवानाधारक म्हणजे ‘लायसेन्शिएट’ हे पूर्ण पदवीधर नव्हते. पण ते अडाणीही नव्हते. ठरावीक वर्षांचे शिक्षण, परीक्षा, आणि १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्यानंतर नोंदणी, असे त्यांचे रीतसर स्थान होते. तालुक्याचा दवाखाना बहुधा त्यांच्याच खांद्यावर चाले.

९/ मग आली भोर समिती. अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले, डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. समितीचे काम १९४३ ते १९४६ या काळात चालले. नेमक्या त्याच वर्षांत साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे होते, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवण्याजोगा.

१०/ तेव्हा देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांपैकी सुमारे ३०,००० लायसेन्शिएट. समितीच्या बहुमताने ठरवले की यापुढे एकाच दर्जाचा, विद्यापीठाची पदवी घेतलेला ‘मूलभूत डॉक्टर’ असावा. काही सदस्यांनी वेगळे मत नोंदवले, कारण इतक्या पदवीधरांची भरती व्हायला दशके लागतील, हे त्यांना दिसत होते. पुण्याची शाळा १९४६ मध्ये महाविद्यालय झाली. लायसेन्शिएटांची परंपरा हळूहळू मिटली.

११/ हेतू उदात्त होता: खेड्याला दुय्यम डॉक्टर का म्हणून? परंतु जवळपास दोनतृतीयांश मनुष्यबळ पुरवणारी वाट बंद करताना पर्यायी वाट तयार नव्हती. ती पोकळी कोणी भरली? आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांनी, कंपाउंडरांनी आणि कुठलेच शिक्षण नसलेल्यांनी. अभ्यासक्रम, परीक्षा आणि नोंदणी असलेला मधला वर्ग गेला आणि त्याच्या जागी यांपैकी काहीच ठरलेले नसलेला मधला वर्ग आला. विसाव्या शतकातल्या भारतीय आरोग्यधोरणाची ही सर्वांत महागडी चूक म्हणावी लागेल.

१२/ न्यायालयांना हा गुंता नंतर सोडवावा लागला. मुंबईतल्या एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली, रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ज्या पद्धतीचे शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा. १९९८ च्या दुसऱ्या निकालात मात्र राज्याच्या कायद्याने मुभा दिली असल्यास भारतीय पद्धतीच्या वैद्यांना आधुनिक औषधे देता येतील, अशी वाट मोकळी राहिली. म्हणजे प्रश्न पुन्हा राज्यांकडे.

१३/ याच काळात गडचिरोलीत वेगळे काही घडत होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत बेताचे शिक्षण झालेल्या स्थानिक स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले. (त्याआधी जामखेडमध्ये आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्या स्त्रियांवर असाच विश्वास टाकला होता.) नवजात बाळाला जंतुदोष झाला आहे का, हे ठरावीक लक्षणांवरून ओळखायचे. पालकांना रुग्णालयाचा सल्ला द्यायचा. ते जायला तयार नसतील तर त्यांच्या संमतीने घरीच दोन औषधे द्यायची: तोंडाने को-ट्रायमोक्झाझोल आणि सुईने जेंटामायसिन.

१४/ खेड्यातली स्त्री अर्भकाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देते, हे ऐकून अनेक डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या असतील. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आले. २०१४ मध्ये केंद्र शासनाने परिचारिकांना (एएनएम) लहान अर्भकांसाठी जेंटामायसिन देण्याची मुभा दिली, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

१५/ गडचिरोलीचे यश ‘कोणीही औषध देऊ शकतो’ याचा पुरावा म्हणून सांगितले जाते. तसे सांगणे चुकीचे आहे. तेथे रोग एक होता, औषधे दोन होती, मात्रा ठरलेली होती, प्रत्येक बाळाची नोंद होती आणि ती नोंद तपासणारे वर कोणीतरी होते. आरोग्यदूताला वैद्यक शिकवलेच गेले नाही. तिला एक काम शिकवले गेले आणि ते तिने उत्तम केले. शिरवळच्या संदर्भात पाहिलेल्या कलम ३० ने जे कागदावर मागितले, ते गडचिरोलीत प्रत्यक्ष उतरले.

१६/ त्याच्या शेजारी महाराष्ट्राचा २०१४ चा निर्णय ठेवून पाहावा. होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, आणि तो उत्तीर्ण झाल्यावर आधुनिक औषधे देण्याची मुभा. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये डॉक्टरांच्या संघटनांनी संप केला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. अनेक वाड्यावस्त्यांवर रात्री दार उघडणारा एकमेव माणूस होमिओपॅथच असतो. तो आधुनिक औषधे आजही देतो, तर निदान शिकून द्यावीत. उलट बाजूने, निदानाचे शिक्षण निराळ्या तत्त्वावर झालेल्या माणसाने एका वर्षात सारे औषधशास्त्र पेलावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. आणि डॉक्टरांच्या विरोधात रुग्णहिताबरोबर व्यवसायहितही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

१७/ खरा आक्षेप अभ्यासक्रमाच्या लांबीवर घेऊ नये. तो घ्यावा व्याप्तीवर. रक्तदाब, मधुमेह, अतिसार, साधा न्यूमोनिया अशा निवडक आजारांची यादी, त्यांची औषधे, कोणत्या टप्प्यावर पुढे पाठवायचे याचा नियम, आणि तपासली जाणारी नोंदवही, एवढे बांधून दिले तर एक वर्ष पुरेसे ठरू शकते. सारे खुले सोडले तर तीन वर्षेही कमीच.

१८/ ब्रिटनमध्ये परिचारिकांना चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार देणारा कायदा १९९२ मध्ये झाला. आरंभी यादी अगदी छोटी होती: मलमपट्टीचे साहित्य, मलमे, रेचके असे. व्याप्ती मोठ्या प्रमाणावर वाढली ती २००६ मध्ये, मधल्या अनुभवानंतर. आपल्याकडे घाई अशी की यादीचा टप्पाच वगळला जातो.

१९/ राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम, २०१९ याच्या कलम ३२ मध्ये ‘समुदाय आरोग्य प्रदाता’ यास मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. प्राथमिक व प्रतिबंधक आरोग्यसेवेत त्याने विनिर्दिष्ट औषधेच स्वतंत्रपणे द्यावीत, एरवी देखरेखीखाली. आणि अशांची संख्या परवानाधारक डॉक्टरांच्या एकतृतीयांशाहून अधिक नसावी. ‘विनिर्दिष्ट’ हा शब्द कायद्यात आला, हे चांगले झाले. त्या यादीत कोणती औषधे असावीत, ती कोणी ठरवावी आणि सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या उपकेंद्रावरची नोंदवही महिन्यातून कितीदा कोणी उघडावी, या प्रश्नांवर वाद घालायला हवा. संप मात्र होतात ते नावापुढे ‘डॉक्टर’ कोणी लावावे यावरून.