पथ्य एकट्या आईचे नव्हे

औषध लिहून दिले, पथ्य सांगितले की वैद्याचे काम संपले आणि पुढे जे बिघडेल ती रोग्याच्या हेळसांडीची फळे, असा समज आपल्याकडे दृढ आहे. सर्दीतापाच्या बाबतीत तो चालून जाईल. हिमोफिलियासारख्या दुर्मिळ आणि जन्मभराच्या विकारात मात्र तो अन्यायकारक ठरतो.

रक्त गोठविणारा आठवा किंवा नववा घटक अपुरा असल्याने होणारा हा विकार बहुतांशी मुलग्यांत आढळतो. आठव्या घटकाच्या अभावाचा प्रकार सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकाला असतो. बाहेरच्या जखमेपेक्षा गुडघ्यात, घोट्यात, कोपरात आतल्या आत होणारा रक्तस्राव या मुलांना अधिक छळतो आणि तो वारंवार झाला की सांधा कायमचा निकामी होतो. जागतिक हिमोफिलिया महासंघाची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वे निःसंदिग्ध आहेत. तीव्र विकारात स्रावाची वाट न पाहता औषध नियमित द्यावे, स्राव झालाच तर तपासण्यांत वेळ न दवडता आधी उपचार करावा, ॲस्पिरिन टाळावे, आणि घरच्या माणसांना शिरेतून औषध देण्यास शिकवावे.

यात अवघड ते काय, असा प्रश्न मोठ्या रुग्णालयाच्या पायरीवर उभे राहून विचारता येतो. नेहमीच्या आठव्या घटकाचा प्रभाव साधारणतः अर्ध्या दिवसात निम्म्यावर येतो. त्यामुळे सुई आठवड्यातून दोनतीनदा टोचावी लागते, आणि औषध सामान्यतः दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. ज्या घरात फ्रीज नाही, ज्या गावाहून जिल्ह्याचे रुग्णालय एस. टी.ने तीन तासांवर आहे आणि एका खेपेपायी बापाची रोजंदारी बुडते, तेथील आईवर ‘सूचना पाळत नाही’ असा शेरा मारणे सोपे आहे. आठव्या घटकाच्या अभावावर एमिसिझुमॅब हे त्वचेखाली टोचण्याचे औषध आले आहे. ते महिन्यातून एकदाही देता येते. परंतु त्याची किंमत सामान्य कुटुंबाला पेलणारी नाही. म्हणजे आज्ञाधारकपणाचा प्रश्न पुष्कळदा अंतराचा आणि पैशाचा असतो.

तो कुटुंबातील वागणुकीचाही असतो. विकाराचा जनुक बहुधा आईकडून येतो, हे कळताच घरात तिला बोल लागतो. वास्तविक सुमारे एकतृतीयांश रोग्यांच्या घराण्यात हा विकार पूर्वी कोणालाच नसतो. बोल खाल्लेली आई आजार लपविते, आणि लपविलेल्या आजाराचे पथ्य पाळणार तरी कसे? ही गोष्ट डॉक्टरने सासूला समोर बसवून सांगितली, तर तोही उपचारच म्हटला पाहिजे.

शाळेचा भाग याहून लहान नाही. सूज दिसण्याआधीच मुलाला सांध्यात मुंग्या किंवा ऊब जाणवते. ‘गुरुजी, गुडघ्यात काहीतरी होते आहे’, असे तो म्हणतो, तेव्हा खेळाच्या तासाचा तो कंटाळा नसतो. त्या वेळी शिक्षकाने विश्वास ठेवला तर सांधा वाचतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. तरी सरळ चालणारा मुलगा समोर दिसला म्हणून त्याचा अर्ज बाजूला ठेवणाऱ्या टेबलांना हे कोणीतरी सांगावयास हवे.

शासनाने औषधाचा साठा जिल्ह्याच्या गावी न थांबवता तालुक्यापर्यंत न्यावा आणि तेथील एका तरी परिचारिकेला, तिची बदली होण्यापूर्वी दुसरीला, हे काम शिकवावे. आणखी एक गोष्ट जवळजवळ विनाखर्च होण्याजोगी आहे. मध्यरात्री मुलगा जेथे पोहोचतो, तेथील तरुण डॉक्टरने असा रोगी कदाचित कधी पाहिलेलाही नसेल. विकाराचे नाव, अभाव कोणत्या घटकाचा, वजन, औषधाची मात्रा, उपचार केंद्राचा दूरध्वनी, आणि ठळक अक्षरांत ‘आधी औषध, मग तपासणी, स्नायूत सुई नको’, एवढे मराठीत आणि इंग्रजीत छापलेले कार्ड प्रत्येक मुलाच्या खिशात असले पाहिजे.