डोळ्याआड झालेले सांडपाणी

वसईच्या पश्चिम पट्ट्यात घर बांधण्यापूर्वी आपले पूर्वज खड्डा खणत असत. त्या मातीने घराचे जोते उंच होई आणि मागे उरे ते बावखल. पावसाचे गोडे पाणी त्यात साठे, जमिनीत झिरपे आणि शेजारच्या विहिरींना मिळे. भुईगाव, गास, निर्मळ, गिरीज या गावांच्या वाड्या अशाच झिरपलेल्या पाण्यावर फुलल्या. आज मात्र त्याच जमिनीतून दुसरे पाणीही झिरपत आहे आणि त्याविषयी आपण मौन बाळगून आहोत.

चार नगरपरिषदा व ५३ गावे एकत्र करून २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांहून अधिक होती. माणशी केवळ १०० लिटर सांडपाणी धरले तरी दररोज १२ कोटी लिटर होते. बोळींज येथे उभारलेल्या प्रक्रिया केंद्राची क्षमता ३ कोटी लिटरची! उरलेले पाणी कोठे जाते, हा प्रश्न पालिकेला विचारायलाच हवा. परंतु गावातील घराघरांतले सांडपाणी कोठे जाते, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारला आहे काय?

गावात आपला भरवसा सेप्टिक टाकीवर असतो. या टाकीत मैल्याचा गाळ तळाशी बसतो, त्यातील काही भाग जिवाणू कुजवतात आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. म्हणजे टाकी अर्धेच काम करते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच. उरलेले शुद्धीकरण जमिनीने करायचे असते. म्हणूनच शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. पण भावाभावांत वाटण्या होऊन वाड्या आक्रसल्या. एकाचा शोषखड्डा दुसऱ्याच्या विहिरीजवळ आला. काही टाक्यांना तळच बांधलेला नसतो. ‘आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही,’ असे कोणी अभिमानाने सांगतो, तेव्हा मैला जमिनीत मुरत असावा, अशी शंका घ्यायला हवी. रेताड जमिनीतून पाणी वेगाने उतरते आणि पावसाळ्यात भूजल वर येते, तेव्हा दोन्ही पाण्यांची भेट लवकर होते.

सांडपाणी लपविण्याऐवजी समाजाने ते नजरेसमोर ठेवले तर काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडते. कॅलिफोर्नियातील आर्काटा हे हम्बोल्ट उपसागराकाठचे सुमारे अठरा हजार वस्तीचे गाव. १९७० च्या दशकात तेथे अनेक गावांसाठी एकच मोठे केंद्र उभारण्याची खर्चिक योजना पुढे आली. नागरिकांनी व स्थानिक विद्यापीठातील प्राध्यापकांनी तिला पर्याय दिला. गाळ वेगळा केलेले पाणी प्रथम उघड्या तळ्यांत, मग पाणकणसासारख्या वनस्पतींच्या पाणथळीत सोडायचे आणि निर्जंतुक करून शेवटी उपसागरात जाऊ द्यायचे. १९८६ साली ही पाणथळ पूर्णत्वास आली. जुन्या कचराभूमीच्या परिसरात आज लोक पक्षी पाहावयास येतात.

आर्काटाची नक्कल येथे जशीच्या तशी होणार नाही. तेवढी मोकळी जागा आपल्याकडे नाही. बावखले तर या कामी मुळीच वापरता कामा नयेत, कारण तीच विहिरींची माता आहेत. पण तेथील धडा घेता येईल: सांडपाण्याची जबाबदारी गावाने उघडपणे पत्करली, तरच मार्ग निघतो.

त्याचा आरंभ लहान असू शकतो. प्रत्येक धर्मग्रामात टाक्या व विहिरी यांची नोंद व्हावी. टाकीला पक्का तळ आहे का, ती शेवटची केव्हा उपसली, हे विचारले जावे. पावसाळ्यानंतर विहिरींचे पाणी तपासून घ्यावे. उपसलेला मैला खाडीत वा माळावर न ओतता प्रक्रियेसाठीच नेला जाईल, अशी व्यवस्था पालिकेकडे एकमुखाने मागावी. आपल्या टाकीचे पाणी शेजाऱ्याच्या घागरीत जात नाही ना, हे पाहणे हा शेजारधर्माचाच भाग आहे.